नक्कल आणि रुजवात

‘नक्कल’ या शब्दाचे मराठीत फार हाल झाले आहेत. शेजारच्या काकांच्या चालण्याची नक्कल करणारा पोरगा घरात कौतुकाचा विषय होतो. तोच पोरगा परीक्षेत शेजारच्याचा पेपर उतरवू लागला की गुन्हेगार ठरतो. या दुसऱ्या नकलेला आपण ‘कॉपी’ म्हणतो, आणि ती रोखण्यासाठी नांदेड जिल्ह्यात २०१० च्या सुमारास झालेली मोहीम महाराष्ट्रभर गाजली होती. तिसरी नक्कल असते ती तहसील कचेरीतली. तिच्यासाठी अर्ज करावा लागतो, फी भरावी लागते, दोन-चार खेटे घालावे लागतात आणि एवढे करून ती हातात पडली की माणूस ती छातीशी धरून एस.टी.त बसतो. पहिली नक्कल हसवते, दुसरी लाजवते. तिसरीवर मात्र जमीन, जात, वारसा आणि कधी कधी एखाद्या घराचे सगळे भवितव्य उभे असते.

आज या तिसऱ्या नकलेविषयी बोलायचे आहे, आणि तेही जरा आडवळणाने. कारण ज्या पिढीने बोरू पाहिला नाही, टाक-दौत पाहिली नाही, ती पिढी नक्कल करण्याची विद्या एका अगदी अनपेक्षित ठिकाणी शिकते आहे. ते ठिकाण म्हणजे इंटरनेटवरचे खेळ.

हजारो माणसे आपापल्या घरी बसून एकाच काल्पनिक जगात वावरतात, असे हे खेळ असतात. त्या जगात कोणी लोहार होतो, कोणी शिंपी, कोणी सैनिक. आणि कोणी चक्क लेखनिक होतो! १९९७ साली आलेल्या ‘अल्टिमा ऑनलाइन’ या खेळात लेखनाचे एक स्वतंत्र कौशल्य होते. कोरी गुंडाळी घ्यायची, लेखणी घ्यायची, मंत्राला लागणारी सामग्री जमवायची आणि मंत्र उतरवायचा. कौशल्य कमी असेल तर हात चुकतो, गुंडाळी वाया जाते, सामग्रीही जाते. पुन:पुन्हा लिहीत राहिले की कौशल्याचा आकडा हळूहळू शंभराकडे सरकतो. याच कौशल्याच्या जोरावर दुसऱ्या खेळाडूने लिहिलेल्या पुस्तकाची प्रतही करता येते. पुढे २००८ मध्ये ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ या गाजलेल्या खेळातही लेखनिकाचा व्यवसाय आला. तिथे तर शाईसुद्धा आयती मिळत नाही. वनस्पती गोळा करायच्या, त्या दळून रंग काढायचा आणि त्या रंगाची शाई करायची.

हे वाचून जुन्या माणसांना हसू येईल. काजळ आणि बाभळीचा डिंक घोटून शाई करण्याचा उद्योग आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या चालत आला होता. अक्षर वळवण्यासाठी आधी धुळपाटी होती, मग कित्ता होता. आजही आपण चांगल्या माणसाचा ‘कित्ता गिरवावा’ असे म्हणतो, ते त्या नकलेच्याच शाळेतून आलेले आहे. फडणीस, चिटणीस, सबनीस, पोतनीस या आडनावांतला ‘नीस’ म्हणजे फारसीतला ‘नवीस’, म्हणजे लिहिणारा. लेखनिकाचा व्यवसाय आपल्या आडनावांत जाऊन बसलेला आहे. तो नव्या पिढीने संगणकाच्या पडद्यावर पुन्हा शोधून काढला, एवढेच.

पण शोधताना त्यांच्या हाती अर्धीच विद्या लागली आहे. कोणती अर्धी लागली आणि कोणती सुटली, हे पाहण्यासाठी आधी आपल्याकडची नक्कल कशी होत असे ते पाहू.

समास सोडण्याचे शास्त्र

समर्थ रामदासांच्या दासबोधातील एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेवर आहे. परमार्थाच्या ग्रंथात बोरू, शाई, कागद यांची चर्चा कशाला, असे आज वाटेल. पण समर्थांचे मठ दूरदूर पसरलेले होते आणि ग्रंथ तिथे पोचायचा तो हाताने उतरवूनच. म्हणून ते सांगतात की, अक्षर आरंभापासून अखेरपर्यंत एकसारखे असावे, सगळा ग्रंथ एकाच टाकाने लिहिला असे वाटावे. पानाच्या चारी बाजूंना जागा सोडावी. का? तर कागद कडेने झडतो. तो झडला तरी अक्षराला धक्का लागता कामा नये. वहीला समास सोडा, असे गुरुजी सांगत तेव्हा आपल्याला ती शिस्त वाटे. मुळात तो कागदाचा आयुर्विमा होता.

समर्थांचे शिष्य कल्याणस्वामी हे दासबोधाचे लेखनिक म्हणून ओळखले जातात. ते पुढे परांडा तालुक्यातील डोमगावला राहिले, आणि तिथल्या मठातील प्रतीला अभ्यासक फार मान देतात. मूळ सांगणाऱ्याइतकाच उतरवून घेणाराही महत्त्वाचा, ही जाण आपल्या परंपरेत होती. ज्ञानेश्वरीबरोबर सच्चिदानंदबाबांचे नाव येते ते याचमुळे.

पण उतरवणारा कितीही निष्ठावान असला तरी तो माणूसच. ज्ञानेश्वरी शके १२१२ ची, म्हणजे १२९० ची. त्यानंतर जवळजवळ तीनशे वर्षे तिच्या प्रतींवरून प्रती होत गेल्या. एकाचा डोळा चुकला, दुसऱ्याला जुना शब्द कळला नाही म्हणून त्याने ओळखीचा घातला, तिसऱ्याला भक्तीच्या भरात स्वतःचीच ओवी सुचली. शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, पैठणच्या एकनाथांनी या प्रती ताडून पाहून शुद्ध पाठ सिद्ध केला आणि यात कोणी आपली ओवी घुसवू नये, असे बजावून ठेवले. नाथ स्वतः किती मोठे कवी! मनात आणले असते तर शेकडो ओव्या त्यांना सहज घालता आल्या असत्या. त्यांनी तो मोह टाळला. मराठीतील नकलेच्या शास्त्राचा हा सर्वांत मोठा धडा, आणि तो आपल्या मराठवाड्यात लिहिला गेला.

महानुभावांची तऱ्हा आणखी वेगळी. त्यांनी आपले ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत उतरवले. ज्याला ती लिपी शिकवलेली नाही, त्याला ग्रंथ वाचताही येणार नाही आणि उतरवताही येणार नाही. खेळाच्या भाषेत बोलायचे तर पुढचा दरवाजा उघडायला आधी किल्ली कमवावी लागे. विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासाचार्य राजवाडे यांनी सकळ लिपीचा उलगडा केला, आणि मग मराठीच्या अगदी आरंभीच्या गद्याचे भांडार बाहेरच्या वाचकांना खुले झाले. या पंथाचे एक मोठे क्षेत्र, माहूर, नांदेड जिल्ह्यातच आहे.

एका रेघेचा फरक

ग्रंथ चुकला तर अर्थाचा अनर्थ होतो. कचेरीतला कागद चुकला तर घर बुडते.

मोडी लिपीत लिहिणारा आधी पानभर आडव्या रेघा ओढून घेई आणि मग त्यांना अक्षरे लटकवत जाई. हात शक्यतो उचलायचा नाही, म्हणून वेग भरपूर. पण ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, दोन शब्दांत मोकळी जागा नाही, विरामचिन्हे नाहीत. ‘बिन’ म्हणजे अमक्याचा मुलगा, त्याचे नुसते ‘बि’ आणि पुढे दोन उभ्या रेघा. रक्कम लिहिताना एक उभी रेघ म्हणजे पाव, दोन म्हणजे अर्धा, तीन म्हणजे पाऊण. नक्कल करताना एक रेघ निसटली की पाऊण रुपयाचा अर्धा झाला. नारायणराव पेशव्यांच्या १७७३ मधील खुनाच्या वेळी ‘धरावे’चे ‘मारावे’ झाले, ही ‘ध’ चा ‘मा’ची आख्यायिका आपल्या भाषेत इतकी का रुजली? कारण एका अक्षराने माणूस मरू शकतो, हे सांगावे लागू नये इतके आपल्याला पटलेले आहे.

मराठवाड्यात या अडचणीवर आणखी एक थर चढला. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता. वरच्या कचेरीचा कारभार आधी फारसीत, मग उर्दूत. तोही पुष्कळदा शिकस्ता म्हणजे धावत्या, मोडक्या वळणात. गावपातळीवर मोडी. लोहा आज नांदेड-लातूर रस्त्यावरचे तालुक्याचे गाव आहे, पण पूर्वी ते कंधार तालुक्यात होते. त्यामुळे या भागातल्या एखाद्या कुटुंबाचा जुना कागद शोधायचा तर आधी कोणत्या गावच्या, कोणत्या तालुक्याच्या आणि कोणत्या लिपीतल्या दप्तरात तो असेल, हे ठरवावे लागते. सेतवार, खासरापत्रक, पहाणीपत्रक, कोतवाल बुक ही नावे ज्यांनी आयुष्यात कधी ऐकली नव्हती, त्यांच्या तोंडी ती गेल्या काही वर्षांत बसली आहेत.

त्याचे कारण सर्वांना माहीत आहे. मराठवाड्यातील कुणबी नोंदी तपासण्यासाठी सप्टेंबर २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, आणि २ सप्टेंबर २०२५ रोजी हैदराबाद गॅझेटियरसंबंधीचा शासन निर्णय निघाला. त्या प्रश्नाच्या राजकारणात येथे शिरण्याचे कारण नाही. पण त्या निमित्ताने एक गोष्ट उघडी पडली. पणजोबांच्या नावापुढे काय लिहिले आहे, हे पणतूला वाचता येत नाही. ते वाचून, उतरवून, ‘हे असेच आहे’ असे सहीनिशी सांगणारा माणूस शोधावा लागतो. मोडी जाणणारे थोडे, उर्दू शिकस्ता जाणणारे त्याहून थोडे, आणि दोन्ही जाणणारे तर बोटांवर मोजण्याइतके.

नकलेची नक्कल

आता पुन्हा खेळांकडे वळू. ‘ईव्ह ऑनलाइन’ नावाचा एक खेळ २००३ पासून चालू आहे. अंतराळातील जहाजे बांधणे, व्यापार करणे, लढणे असा त्याचा विस्तार. जहाज बांधायला नकाशा लागतो. नकाशाचे दोन प्रकार आहेत, अस्सल आणि नक्कल. अस्सलावरून हवी तेवढी जहाजे बांधता येतात. त्याची नक्कल काढायला ठरावीक वेळ द्यावा लागतो, आणि त्या नकलेवरून मोजकीच जहाजे होतात. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे नकलेची नक्कल काढताच येत नाही.

हा नियम ज्याने केला त्याला आपल्या कोर्टातली एखादी जागा सहज मिळाली असती! १८७२ च्या साक्षीपुराव्याच्या कायद्यात याच प्रश्नाचा विचार केलेला होता. नकलेवरून काढलेली नक्कल पुढे अस्सलाशी ताडून पाहिलेली असेल, तरच ती दुय्यम पुरावा म्हणून चालते. ताडून पाहिलेली नसेल तर चालत नाही. मग ज्या नकलेवरून ती काढली ती स्वतः कितीही तपासलेली असो. १ जुलै २०२४ पासून त्या कायद्याची जागा भारतीय साक्ष अधिनियमाने घेतली, तरी दुय्यम पुराव्याची मूळ कल्पना कायम आहे.

खेळ आणि कायदा येथे जवळ येतात, पण एका ठिकाणी फारकत होते. खेळात नकलेची नक्कल सरसकट बंद आहे. कायद्याने एक वाट मोकळी ठेवली आहे, आणि त्या वाटेचे नाव आहे रुजवात. कचेरीतून मिळणाऱ्या नकलेच्या तळाशी ‘अस्सल बरहुकूम नक्कल’ असे शब्द असतात. नक्कल करणाऱ्याची सही असते आणि तिच्याशेजारी रुजवात घेणाऱ्याची. एकाने अस्सल मोठ्याने वाचायचे, दुसऱ्याने नकलेवर बोट ठेवून ऐकायचे. दोन माणसे, दोन जोड डोळे, दोन सह्या. नकलेला किंमत येते ती या दुसऱ्या सहीने. सुंदर अक्षराची पण न ताडलेली नक्कल म्हणजे नुसता रंगवलेला कागद.

खेळांच्या हातून सुटलेली अर्धी विद्या ती हीच. खेळात हात चुकला की लगेच कळते. गुंडाळी जळते, सामग्री जाते, पडद्यावर ‘अपयश’ असे अक्षर येते. आयुष्यात असे घडत नाही. चुकलेली नक्कल बिनचूक नकलेइतकीच देखणी दिसते. तिच्यावरही शिक्का असतो, तीही फाइलला लागते, आणि चूक उघडकीस येते ती वीस वर्षांनी, वाटणीच्या वेळी किंवा मुलाच्या प्रवेशाच्या वेळी.

याचा अनुभव महाराष्ट्राने अलीकडेच घेतला आहे. हाताने लिहिलेले सातबारा उतारे संगणकावर चढवले गेले, ती आपल्या काळातली बहुधा सर्वांत मोठी नक्कल. ०.४० च्या जागी ०.०४ पडले की एकरभर रान चार गुंठ्यांवर येते. नावातले एक अक्षर गळले की बँकेत माणूस परका होतो. म्हणून २०१७ च्या उन्हाळ्यात गावोगाव चावडी वाचनाची मोहीम काढावी लागली. संगणकातला उतारा गावासमोर वाचायचा आणि ज्याचा आहे त्याने तो पडताळायचा. एवढा संगणक आला, तरी शेवटी उपाय सापडला तो चावडीवरच्या मोठ्याने वाचण्यात! लेखनातील चुका दुरुस्त करण्यासाठी महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमात कलम १५५ आहे. कायदा करणाऱ्यांनी नक्कल चुकणार हे गृहीतच धरले होते. २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला. तो अस्सल आहे की नाही, हे पडताळण्याचा क्रमांक त्याच्यावरच छापलेला असतो. रुजवातीने नुसते रूप बदलले.

असा एक खेळ

समजा, उद्या लोह्याच्या किंवा अहमदपूरच्या एखाद्या संगणक शिकलेल्या मुलाने लेखनिकाचा खरा खेळ करायचे मनावर घेतले, तर तो कसा असेल?

पहिल्या पायरीवर धुळपाटी. मोडीचे एकेक अक्षर गिरवायचे. मोडीला २०१४ मध्ये युनिकोडमध्ये जागा मिळाली आहे, त्यामुळे ती संगणकावर आणण्याची मुख्य अडचण आता उरलेली नाही. दुसऱ्या पायरीवर साहित्य. शाई पातळ झाली तर पसरेल, समास कमी सोडला तर खेळातली वर्षे सरल्यावर कडेची अक्षरे झडून जातील. तिसऱ्या पायरीवर संदिग्ध अक्षरे. ही एक रेघ की दोन? हे नाव ‘शिवा’ की ‘सिवा’? येथे खेळाने लगेच उत्तर देऊ नये. खेळाडूने निर्णय घ्यावा, आणि कळले नाही तर ‘अक्षर लागत नाही’ असे नोंदवण्याची मुभा असावी. अशी नोंद करणाऱ्याला गुण मिळावेत, कारण ठोकून देण्यापेक्षा ती नोंद अधिक कामाची असते.

चौथी पायरी रुजवातीची. ती एकट्याला पार करताच येऊ नये. दुसऱ्या गावच्या, दुसऱ्या घरच्या खेळाडूला बोलवावे लागावे. एकाने वाचावे, दुसऱ्याने तपासावे. इंटरनेटवर हजारो माणसे एकत्र येतात, ती बहुतेक खेळांत एकमेकांना मारण्यासाठी. येथे ती एकमेकांची चूक काढण्यासाठी आणि चूक काढल्याबद्दल आभार मानण्यासाठी येतील. पाचवी पायरी मोहाची. कोणी येऊन हळूच म्हणेल, एवढी एक रेघ वाढवा, दक्षिणा देतो. रेघ वाढवता येईलही. पण नकलेखाली सही राहील, आणि दहा पायऱ्या पुढे गेल्यावर त्या रेघेमुळे बेघर झालेले कुटुंब समोर येऊन उभे राहील. कौशल्याचा आकडा शंभर असूनही मग त्या लेखनिकाच्या कागदाला बाजारात कोणी विचारणार नाही. खरी कचेरी अशीच चालते. निदान चालायला हवी.

हे स्वप्नरंजन नव्हे. अनोळखी माणसांकडून जुनी अक्षरे वाचून घेण्याचा प्रयोग जगात झालेला आहे. संकेतस्थळावर शिरताना वेडीवाकडी अक्षरे ओळखायला लावत असत, ते अनेकांना आठवत असेल. २००७ मध्ये निघालेल्या ‘रीकॅप्चा’ या योजनेत त्यातला एक शब्द जुन्या छापील मजकुरातला असे, जो संगणकाला वाचता आलेला नव्हता. तो वेगवेगळ्या लोकांना दाखवला जाई आणि त्यांची उत्तरे जुळली की वाचन खरे धरले जाई. ‘न्यूयॉर्क टाइम्स’चे जुने अंक अशा रीतीने संगणकावर आले. म्हणजे पुन्हा रुजवातच, फक्त एकमेकांना कधीही न भेटलेल्या माणसांची.

मोडीसाठी असे करता येईल. पण एक भान ठेवावे लागेल. खेळातून झालेले वाचन हे पहिले वाचन. ज्या नोंदीवर कोणाचा दाखला किंवा सातबारा ठरणार, तिच्यावर शेवटची सही जबाबदार माणसाचीच हवी, आणि तो माणूस नावाने माहीत हवा. खेळातल्या टोपणनावाला न्यायालयात उभे करता येत नाही.

असा खेळ निघेल तेव्हा निघो. तोवर एक काम प्रत्येक घरात या रविवारीही होण्यासारखे आहे. कपाटातली किंवा ट्रंकेतली कागदांची पिशवी बाहेर काढावी. खरेदीखत, सातबारा, आजोबांचा शाळेचा निर्गम उतारा, जे असेल ते. आजीने किंवा वडिलांनी एक कागद वाचावा आणि नातवाने दुसऱ्या कागदावर बोट ठेवून ऐकावे. नाव तेच आहे का, वडिलांचे नाव तेच आहे का, गट नंबर, क्षेत्र, तारीख जुळते का, हे पाहावे. जिथे जुळणार नाही तिथे पेन्सिलीने बारीक खूण करून ठेवावी. अस्सलावर मात्र नाही, झेरॉक्सवर. दुरुस्तीचा अर्ज आज करणे सोपे असते. सांगणारी माणसे गेल्यावर ते फार अवघड होते.